ग्रंथालयाची वास्तू : कशी पाहावी, कशी टिपावी

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, याविषयी प्राथमिक शिक्षकांना वेळोवेळी पुष्कळ सूचना मिळतात. कोणती पुस्तके निवडावीत, वाचनाचे तास किती ठेवावेत, प्रकटवाचन केव्हा घ्यावे, या सर्वांचा त्यांत ऊहापोह असतो. परंतु वाचन ज्या जागेत व्हावयाचे, त्या जागेचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक पुस्तकाला कोरडी जागा हवी आणि वाचणाऱ्याला उजेड हवा. या दोन साध्या गरजांतूनच ग्रंथालयाची वास्तू आकार घेते. खांब, कमानी, नक्षी आणि मनोरे ही तिची शोभा होय. पण पानावर उजेड कसा पडतो आणि कपाटापर्यंत ओल का पोहोचत नाही, हे ज्याने पाहिले त्याने ती वास्तू खऱ्या अर्थाने पाहिली. असे पाहण्याची सवय मुलांना लावण्यास छायाचित्र हे आज सहज उपलब्ध असलेले साधन आहे. त्याचा उपयोग कसा करावा, हे या लेखात क्रमाने दिले आहे.

माहुलच्या मुलाचा अनुभव

उदाहरणासाठी मुंबई उपनगरातील माहुल हे गाव घेऊ. एका बाजूस खाडी, खारफुटी आणि जुना कोळीवाडा. दुसऱ्या बाजूस तेलशुद्धीकरणाचे कारखाने. आणि मध्ये शहराच्या निरनिराळ्या भागांतून हलविलेल्या कुटुंबांच्या बहुमजली इमारती, असे या गावाचे आजचे रूप आहे. खाडीकाठच्या घराच्या भिंती पावसाळ्यात कशा पाझरतात आणि खाऱ्या वाऱ्याने लोखंड कसे गंजते, हे कोळीवाड्यातील मुलाला सांगावे लागत नाही. लगत लगत उभ्या असलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो, हे वसाहतीतील मुलाला ठाऊक असते. म्हणजे उजेड व ओल या दोन्ही गोष्टींचे ज्ञान या मुलांजवळ आधीपासूनच आहे. शिक्षकाने तेथूनच आरंभ करावा. घरात पुस्तक कोठे ठेवले तर भिजते आणि कोठे बसले तर अक्षर नीट दिसते, हे प्रश्न सहलीच्या आठवडाभर आधी वर्गात विचारावेत आणि मुलांची उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

चेंबूरहून हार्बर मार्गाच्या गाडीने कुर्ल्यावरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाता येते. तेथून पायी जाण्याच्या अंतरात तीन वेगवेगळ्या प्रकारची ग्रंथालये आहेत. ती कोणत्या क्रमाने पाहावीत हे सूर्याच्या स्थितीवरून ठरवावे. काळा घोडा भागातील डेव्हिड ससून ग्रंथालयाचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख असल्याने तेथे सकाळी जावे. ओव्हल मैदानाकडे तोंड असलेले विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा दुपारनंतर उजळतात. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर पश्चिमेचे ऊन पडते, म्हणून ती वास्तू शेवटी पाहावी. हीच वेळ उलट केली, तर इमारतीच्या मागून येणाऱ्या उजेडाने दर्शनी भाग काळवंडतो आणि कोरीवकाम दिसेनासे होते. दिशा व छाया हा पाठ भूगोलाच्या पुस्तकातून शिकविण्यापेक्षा अशा प्रसंगी अधिक ठसतो.

कारागिरांनी मागितलेले ग्रंथालय

डेव्हिड ससून ग्रंथालयाचा इतिहास मुलांना अवश्य सांगावा. सरकारी टांकसाळ आणि सरकारी गोदी येथे काम करणाऱ्या तरुण यंत्रकारागिरांनी १८४७ साली यंत्रांचे नमुने व पुस्तके यांचा संग्रह सुरू केला. हातोडा व कानस चालविणाऱ्या माणसांना वाचण्याची निकड वाटली, हा या संस्थेचा पाया होय. पुढे डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याने दिलेल्या ६०,००० रुपयांच्या देणगीचा आधार मिळून १८७० साली सध्याची इमारत पूर्ण झाली. ज्या मुलांचे वडील कारखान्यात, गोदीत किंवा होडीवर कष्ट करतात, त्यांना या वास्तूसमोर उभे करून ही हकीकत सांगितली, तर ग्रंथालय हे केवळ शिकल्या-सवरल्या बड्या लोकांचे असते ही समजूत आपोआप ढळते.

इमारत मालाडच्या पिवळसर दगडाची आहे. मालाड हेही उपनगरच. तेथील खाणींतून निघालेल्या दगडाने मुंबईच्या अनेक थोर इमारतींना रंग दिला आहे. दर्शनी भागातील टोकदार कमानी मुलांना प्रथम दाखवाव्यात. अर्धवर्तुळाकार कमान आणि टोकदार कमान यांची आकृती वहीत शेजारी शेजारी काढून घ्यावी. मग कमानींच्या मागे असलेल्या खोल सज्जाकडे लक्ष वेधावे. हा सज्जा पावसाची झड वाचनाच्या खोलीत येऊ देत नाही, दुपारचे ऊन अडवितो आणि तरीही वारा व उजेड आत सोडतो. कोकणातल्या घराची पडवी हेच काम करते. सज्जात आरामखुर्च्यांवर बसून वाचणारी माणसे हे या ग्रंथालयाचे जुने वैशिष्ट्य आहे. इमारतीच्या मागील बाजूस बाग असल्याने रहदारीच्या इतक्या जवळ असूनही वाचकाला निवांतपणा लाभतो.

या वास्तूच्या छपराची गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूळचे उतरते छप्पर जाऊन मध्यंतरीच्या काळात तेथे काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. पावसाचे पाणी सपाट छपरावर रेंगाळते आणि कालांतराने खाली झिरपते. २०२३ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब काढून उतरते छप्पर पुन्हा बसविण्यात आले. अशा कामी जुनी छायाचित्रे फार उपयोगी पडतात. कारण मूळ आकार कसा होता, याचा पुरावा कित्येकदा त्यांतच शिल्लक असतो. आज मुलाने काढलेले साधे छायाचित्रही पन्नास वर्षांनी असेच कोणाच्या तरी उपयोगी पडू शकेल.

मनोऱ्याखालचे ग्रंथालय

तेथून थोडे चालत गेल्यावर ओव्हल मैदान लागते. मैदानाच्या पलीकडे दिसणारा राजाबाई मनोरा मुंबईच्या मुलांना घड्याळाचा मनोरा म्हणून माहीत असतो; त्याच्या पायथ्याशी ग्रंथालय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव देण्यात आले. बांधकाम १८६९ साली सुरू होऊन १८७८ साली पुरे झाले. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट आहे. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पकाराचा. तो स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही, त्याने नकाशे विलायतेतून पाठविले. त्या नकाशांना दगडाचे रूप दिले ते मात्र येथल्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी. या कामात कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरला आहे. ज्या कुर्ला स्थानकावरून मुले गाडीने आली, त्याच भागातील दगड एवढ्या उंचीवर चढला आहे, हे ऐकून मुले मनोऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहतील.

मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती बसविल्या आहेत. त्यांची पागोटी व पेहराव खालून नीट दिसत नाहीत; तेथे मोबाईलमधील प्रतिमा मोठी करून पाहण्याची सोय उपयोगी पडते. मनोऱ्याच्या पायथ्याशी वाहन उभे राहील अशी कमानदार देवडी आहे. वाचनाचे मुख्य दालन वरच्या मजल्यावर आहे. उंच लाकडी छत आणि रंगीत काचांच्या उंच खिडक्या हे त्याचे विशेष. पुस्तके जमिनीपासून वर नेल्यामुळे ओलीपासून ती दूर राहतात. खिडक्या उंच असल्यामुळे उजेड दालनात खोलवर पोहोचतो. २०१२ ते २०१५ या काळात या वास्तूची व तिच्या काचांची काळजीपूर्वक दुरुस्ती करण्यात आली. आत जाण्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागते. ती लेखी अर्ज करून आधी मागावी. न मिळाल्यास मैदानातून बाह्यदर्शन घेऊनही पाठ पूर्ण होतो.

उंच खिडक्यांची ही युक्ती जगात इतरत्रही योजलेली आढळते. पॅरिस येथील सेंट जेनेव्हिएव्ह ग्रंथालयात हेन्री लाब्रूस्त या वास्तुशिल्पकाराने भिंतीचा खालचा भाग पुस्तकांसाठी ठेवला आणि खिडक्या त्यांच्या वर बसविल्या. छत लोखंडाच्या सडपातळ खांबांवर व कमानींवर तोलले. ती इमारत १८५० साली पूर्ण झाली. देश निराळा, हवा निराळी. पण भिंत पुस्तकांना द्यावी की खिडक्यांना द्यावी, हा प्रश्न तिथेही तोच होता.

तीस पायऱ्या

शेवटची वास्तू म्हणजे टाऊन हॉल, ज्यात एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई या संस्थेचे ग्रंथालय आहे. संस्थेची स्थापना १८०४ साली झाली. इमारत कर्नल थॉमस कूपर याच्या आराखड्याप्रमाणे १८३३ साली पुरी झाली. दर्शनी भागात ग्रीक पद्धतीचे आठ जाड खांब आहेत आणि त्यांच्यापर्यंत तीस पायऱ्यांची रुंद चढण जाते. ससून ग्रंथालयाच्या टोकदार कमानींनंतर हे सरळ, गंभीर खांब पाहिले म्हणजे दोन शैलींतील भेद मुलांना न सांगता कळतो. उंच जोत्यामुळे येथेही ग्रंथ जमिनीच्या ओलीपासून दूर राहिले आहेत.

या पायऱ्यांपाशी शिक्षकाने मुलांना एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा : ही इमारत आपल्याला बोलावते, की भिववते? मुलांची उत्तरे भिन्न येतील आणि ती सर्व ऐकून घ्यावीत. इतिहासातही याचे उत्तर दुहेरी आहे. आरंभी ही संस्था युरोपियनांपुरतीच होती. माणेकजी खरशेदजी हे पहिले हिंदी सभासद १८४० साली झाले, म्हणजे स्थापनेनंतर ३६ वर्षांनी. पुढे १८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न किताब मिळविणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचाही या संस्थेशी दीर्घ संबंध होता. आज याच पायऱ्यांवर संध्याकाळी शहरातील सर्व थरांची माणसे येऊन बसतात. एखादी वास्तू सुंदर असूनही सर्वांसाठी खुली असतेच असे नाही, आणि जी एके काळी बंद होती ती पुढे खुली होऊ शकते, हे दोन्ही धडे या तीस पायऱ्यांवर मिळतात.

छायाचित्र काढण्याची रीत

छायाचित्र काढण्यापूर्वी दहा मिनिटे नुसते पाहावे, असा नियम शिक्षकाने घालून द्यावा. मोबाईल शिक्षकाजवळ असावा आणि प्रत्येक गटाला एका वास्तूमागे पाचच चित्रे काढण्याची मुभा असावी. संख्या मर्यादित असली म्हणजे काय घ्यावे याचा विचार मुले करतात. पाच चित्रे पुढीलप्रमाणे योजावीत :

१. संपूर्ण दर्शनी भाग, दुरून.
२. प्रवेशद्वार, जवळ उभ्या असलेल्या एका मुलासह.
३. उजेड आत येण्याची एक जागा : खिडकी, कमान किंवा सज्जा.
४. पाणी बाहेर ठेवण्याची एक जागा : जोते, छप्पर, छज्जा किंवा पन्हळ.
५. गटाला आवडलेला कोणताही एक बारकावा.

उंच इमारतीजवळ उभे राहून मोबाईल वर कलता धरला, की चित्रात इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते आणि तिच्या उभ्या कडा वरच्या बाजूस जवळ येतात. गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो. छायाचित्र घेणाऱ्यानेही मनात तसाच ओळंबा धरावा. मोबाईल सरळ उभा ठेवून मागे मागे जावे आणि सगळी इमारत चौकटीत बसली म्हणजे थांबावे. राजाबाई मनोऱ्यासाठी ओव्हल मैदानाचा विस्तार याच कारणाने सोयीचा ठरतो. रस्त्यावर मागे सरकताना मात्र एका मुलाला पाठीशी उभे करावे. मुंबईच्या रहदारीत ही खबरदारी आवश्यक आहे.

दुसऱ्या चित्रात मूल उभे करण्याचा हेतू केवळ आठवण ठेवणे हा नव्हे. मूल खांबाला पाठ लावून उभे असेल, मोबाईल सरळ असेल आणि चित्र पुरेशा अंतरावरून घेतले असेल, तर त्यावरून उंचीचा अंदाज काढता येतो. समजा, चित्रात मूल २ सेंटिमीटर आणि खांब १२ सेंटिमीटर भरला. तर खांब मुलाच्या सहापट उंच. मुलाची खरी उंची ४ फूट असेल, तर खांब सुमारे २४ फूट. गुणोत्तराचा हा पाठ पाचवीच्या मुलाला सहज समजतो. मूल खांबाच्या पुढे आले, तर हिशेब चुकतो. का चुकतो, हेही मुलांकडूनच काढून घ्यावे.

आतल्या उजेडाविषयी एक सावधगिरी बाळगावी. मोबाईल अंधाऱ्या खोलीचे चित्रही स्वतःहून उजळ करतो. त्यामुळे चित्रावरून खोलीत किती उजेड आहे हे समजत नाही. म्हणून खिडकी आणि वाचनाचे टेबल ही दोन्ही एकाच चौकटीत घ्यावीत. दोहोंतील फरक चित्रात राहतो आणि उजेड कोठून कोठे येतो ते दिसते. आत चमकदिव्याचा वापर करू नये. परवानगीशिवाय आत चित्र घेऊ नये आणि वाचत बसलेल्या माणसाचे चित्र त्याला विचारल्यावाचून मुळीच घेऊ नये. वाचकाचा एकांत जपणे हा ग्रंथालयाचा पहिला शिष्टाचार असून तो मुलांना येथेच शिकवावा.

प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात : स्थळ, तारीख व वेळ, चित्र घेताना तोंड कोणत्या दिशेला होते, आणि चित्र कशासाठी घेतले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर ते चित्र संग्रहात ठेवू नये. एवढी एकच कसोटी लावली, तरी मुलांची नजर तयार होते.

परत आपल्या शाळेत

सहलीचे खरे फळ दुसऱ्या दिवशी वर्गात मिळते. मुलांनी आणलेली चित्रे फळ्याशेजारी लावावीत आणि मग त्याच पाच चित्रांची यादी हातात घेऊन आपल्या शाळेतील पुस्तकांच्या कपाटाकडे जावे. ते कोठे आहे? पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला टेकलेले आहे काय? तळाच्या फळीवरील पुस्तके फुगली आहेत काय? कपाटासमोर बसून वाचता येईल इतका उजेड आहे काय? बहुतेक शाळांत या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक येणार नाहीत. पुष्कळ ठिकाणी कपाट खोलीच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात असते. कारण दुसऱ्या कोणत्याही कामासाठी तो कोपरा उपयोगी पडत नाही. पुस्तके मोलाची म्हणून कुलूप लावले जाते, आणि ओल व वाळवी कुलपाच्या आत शांतपणे आपले काम करीत राहतात. मुलांनी पुस्तके हाताळून फाटण्याची भीती शिक्षकाला वाटते. न हाताळल्यामुळे नष्ट झालेल्या पुस्तकांचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, म्हणजे मागून हवा खेळते. त्याखाली विटांचा एक थर द्यावा. मोठ्या ग्रंथालयांचे उंच जोते जे काम करते, तेच काम या विटा करतात. झड लागणारी भिंत सोडून आतली कोरडी भिंत निवडावी. कपाट खिडकीजवळ असावे, पण पुस्तकांवर थेट ऊन येऊ देऊ नये. उन्हाने बांधणी आखडते व रंग उडतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून मिळावा, डाव्या हाताने लिहिणाऱ्याला उजवीकडून. पावसाळा सरल्यावर सर्व पुस्तके बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवावीत आणि कपाट पुसून घ्यावे. बदल करण्यापूर्वी एक आणि केल्यानंतर एक, अशी दोन छायाचित्रे मुलांनीच काढावीत आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिसरे काढून तिन्हींची तुलना करावी.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. त्यांच्यामागे राजाश्रय नव्हता. मराठी पुस्तक जपले जावे आणि वाचकाच्या हाती पडावे, अशी तळमळ असणारी माणसे होती. टांकसाळीतील कारागिरांची निकडही याच जातीची होती. माहुलच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही गावच्या शाळेत विटांवर चढविलेले एक कपाट, त्यापाशी एक खिडकी आणि खिडकीखाली अंथरलेली एक सतरंजी एवढे झाले, तरी ते ग्रंथालयच होय. मुलांनी त्याचे छायाचित्र काढून राजाबाई मनोऱ्याच्या चित्राशेजारी लावावे. आणि त्याखालीही स्थळ, तारीख, दिशा व हेतू या चारही गोष्टी लिहाव्यात.